विश्लेषण : पडद्यावरच्या लालपरीचे श्रेय कोणाला? गेम ‘मॉड’ची वाढती दुनिया आणि नावाचा प्रश्न

वेंगुर्ल्याला रेल्वे नाही. कोकण रेल्वे गाठायची तर कुडाळ किंवा सावंतवाडी रोड स्थानकापर्यंत जावे लागते आणि तिथवर नेणारी हक्काची गाडी म्हणजे एसटी. त्यामुळे इथल्या मुलांच्या खेळात एसटी असणे स्वाभाविकच. पूर्वी ती रिकाम्या खोक्यांची असे, आता ती मोबाइलच्या पडद्यावर धावते. तोच लाल रंग, पुढच्या काचेवर देवनागरी पाटी, तसाच हॉर्न. मात्र ज्या गेममध्ये ही एसटी धावते, तो तयार झाला आहे इंडोनेशियात. त्या कंपनीने ही लालपरी बनवलेली नाही आणि एसटी महामंडळानेही नाही. ती बनवली आहे महाराष्ट्रातल्या हौशी तरुणांनी, बहुतेकदा एक रुपयाही न घेता. या तरुणांना ‘मॉडर’ म्हणतात आणि त्यांच्या फायलींची देवाणघेवाण करणारे गट गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढले आहेत. हे जग चालते कसे, त्यातले वाद कोणते आणि धोका कुठे आहे?

मॉड म्हणजे नेमके काय?

‘मॉडिफिकेशन’ या शब्दाचे हे लघुरूप. मूळ व्हिडीओ गेममध्ये खेळणाऱ्याने केलेला बदल किंवा घातलेली भर म्हणजे मॉड. नवी गाडी, नवा रस्ता, पात्राचा वेगळा पोशाख, दुसऱ्या भाषेतले संवाद किंवा खेळाचे नियमच बदलणे, हे सगळे मॉडमध्ये येते.

वेंगुर्ल्यात हे समजावून सांगायला काजूच्या कलमाचे उदाहरण पुरेसे आहे. खुंट एका झाडाचा, त्यावर बांधलेली काडी दुसऱ्या झाडाची. मुळे खुंटाची, फळ काडीचे. गेममध्ये खुंटाचे काम मूळ प्रणाली करते. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबणे, पाऊस पडणे, सावली सरकणे, वळणावर तोल जाणे, हे सगळे तिचे. मॉडर त्यावर आपली गाडी बांधतो. मूळ गेमशिवाय मॉड चालत नाही. मात्र एका खुंटावर किती कलमे धरू द्यायची, हे मूळ कंपनी ठरवते. काही कंपन्या दार मुद्दाम उघडे ठेवतात, काही घट्ट लावून घेतात.

इंडोनेशियाच्या बसला एसटीचा रंग कसा चढला?

‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा गेम ‘मालेओ’ या इंडोनेशियन कंपनीने २०१७ मध्ये आणला. खेळाडूंच्या बोलीत तो ‘बसिड’. त्याआधी २०१६ च्या अखेरीस इंडोनेशियातल्या मुलांचा एक छंद जगभर गाजला होता. रस्त्याकडेला उभे राहून ही मुले बसचालकांना संगीतमय हॉर्न वाजवायची विनंती करत. ‘ओम तेलोलेत ओम’, म्हणजे ‘काका, हॉर्न वाजवा’, ही त्यांची हाक समाजमाध्यमांवर सर्वदूर पोहोचली. बसवेडाची ही हवा या गेममध्ये पुरेपूर उतरली.

भारतात हा गेम रुजण्याची कारणे सोपी आहेत. तो फुकट मिळतो, मोबाइलवर चालतो आणि त्यात बसचे रंगरूप बदलण्याची तसेच आपली स्वतःची गाडी घालण्याची सोय कंपनीनेच दिली आहे. गूगलच्या दुकानातून त्याची १० कोटींहून अधिक डाउनलोड झाली आहेत. भारतीय गाड्या त्यात आणण्यात केरळमधले बसप्रेमी आघाडीवर होते. तिथल्या रंगीबेरंगी पर्यटक बस, मग तमिळनाडू आणि कर्नाटकच्या सरकारी गाड्या, असे करत महाराष्ट्राची साधी लालपरी, शिवशाही, शिवनेरी आणि मुंबई-गोवा महामार्गावरच्या खासगी शयनयान बसही पडद्यावर आल्या. ज्यांच्याकडे संगणक आहे, ते हाच छंद ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ या २०१२ च्या गेममध्ये पुरा करतात. तो गेम झेक प्रजासत्ताकातल्या कंपनीचा. म्हणजे प्रागच्या किंवा जकार्ताच्या खुंटावर महाराष्ट्राची काडी.

एक बस घडवायला काय काय लागते?

याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली फक्त रंगरूपाची. बसच्या पत्र्याचा उलगडलेला नकाशा म्हणजे एक साधे चित्र असते. त्यावर रंग, पट्टे, पाटी, आगाराचे नाव काढले की गेममध्ये ते गाडीवर चढते. हे काम मोबाइलवरही होते. बहुतेक मुलांची सुरुवात इथूनच होते.

दुसरी पायरी कष्टाची. त्यात गाडीच नव्याने उभी करायची असते. त्यासाठी बसस्थानकात जाऊन चारही बाजूंनी छायाचित्रे काढावी लागतात. खिडक्या किती, सरकत्या काचा कशा, मागची शिडी कुठून सुरू होते, दिव्यांची जागा कोणती, हे टिपावे लागते. मग ‘ब्लेंडर’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गाडीचा त्रिमितीय साचा तयार होतो. चाके, दारे, दिवे हे वेगवेगळे भाग ठेवावे लागतात, नाहीतर ते हलणार नाहीत. साच्यातल्या पृष्ठांची संख्या जास्त झाली तर स्वस्त फोन अडखळतो, म्हणून तपशील राखून वजन कमी करण्याची कसरत करावी लागते. शेवटी हे सारे गेमला समजेल अशा एका फाइलमध्ये बांधायचे.

मराठी मॉडरपुढे आणखी एक अडचण असते. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरे अनेकदा तुटतात. ‘सिंधुदुर्ग’ लिहायला जावे तर रफार भलतीकडे जातो. मग पाटी आधी दुसरीकडे लिहून, तिचे चित्र करून गाडीवर चिकटवावी लागते. बारीकसारीक वाटणारी ही गोष्ट न चुकता करणाऱ्याला या गटांत मान असतो, कारण पाटी चुकली की एसटी परकी वाटते.

ही परंपरा किती जुनी?

संगणकावरच्या गेमपुरते बोलायचे तर १९९३ च्या ‘डूम’पासून मॉडना खरा वेग आला. त्या गेमच्या कर्त्यांनी नकाशे, चित्रे आणि आवाज मूळ प्रणालीपासून वेगळ्या फायलींत ठेवले होते. त्यामुळे खेळणाऱ्याला आपले नकाशे घालता येऊ लागले. पुढे १९९९ मध्ये मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी ‘हाफ लाइफ’ या गेमवर एक मॉड तयार केला. त्याचे नाव ‘काउंटर स्ट्राइक’. भारतातल्या सायबर कॅफेंमध्ये एका पिढीने ज्यावर तासन्‌तास घालवले, तोच हा गेम. मूळ गेमची कंपनी ‘व्हॉल्व्ह’ने २००० मध्ये तो आपल्याकडे घेतला. ‘डोटा’ हा ‘वॉरक्राफ्ट ३’ वरचा मॉड होता. ब्रेंडन ग्रीन यांनी ‘आर्मा’ मालिकेतल्या गेमवर रचलेल्या मॉडमधली ‘शेवटचा उरेल तो विजेता’ ही कल्पना २०१७ मध्ये ‘पबजी’ झाली. म्हणजे मॉड हा शब्द ज्याने कधी ऐकला नाही, त्यानेही मॉडचा वंशज खेळलेला असतो.

आणि संगणकाच्याही आधी? उत्तर वेंगुर्ल्याच्या शेजारी, सावंतवाडीत मिळते. गंजिफा हा पत्त्यांचा खेळ इराणकडून मोगलांबरोबर भारतात रुळला. मोगल गंजिफात ८ रंग आणि ९६ पाने. इथल्या चितारींनी खेळाचा सांगाडा तोच ठेवला, रंग मात्र विष्णूच्या अवतारांचे केले. दहा अवतार, प्रत्येकाची १२ पाने, एकूण १२० पाने अशी दशावतारी गंजिफा तयार झाली. पाने गोल, राजा आणि वजीरही कायम, पण चेहरामोहरा पूर्ण देशी. आजच्या भाषेत याला मॉडच म्हणावे लागेल.

समुदाय एवढा वाढला कसा?

जगभरात या देवाणघेवाणीची मोठी ठिकाणे आधीच तयार झाली होती. ‘नेक्सस मॉड्स’ची सुरुवात २००१ ची. ‘स्टीम वर्कशॉप’ २०११ मध्ये आले आणि मॉड घालणे एका कळीवर आले. भारतात मात्र ही चळवळ संगणकावर नव्हे, मोबाइलवर वाढली. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, फोन गावोगावी पोहोचले. मॉडर आपली गाडी यूट्यूबवर चालवून दाखवतो, खाली फाइलचा दुवा देतो आणि चर्चा टेलिग्राम, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत रंगते. ‘या गाडीला आमच्या आगाराची पाटी लावा’, ‘हॉर्न जुन्या गाडीचा हवा’, अशा फर्माइशी तिथेच येतात.

या गटांत शिकवणीही होते. वरिष्ठ मॉडर आपले अर्धवट साचे नवख्यांना सरावासाठी देतात, चुका दाखवतात. शुल्क नाही, वर्ग नाही, प्रमाणपत्रही नाही. एखाद्या गॅरेजमध्ये पोरगा पाना धरायला लागतो आणि वर्षभरात इंजिन खोलतो, तसेच हे शिक्षण.

मग वाद कशाचा?

नावाचा. मॉडरला पैसे मिळत नाहीत. मिळते ते एवढेच, की ‘ही गाडी अमक्याने बनवली’ असे लोक म्हणतात. पण फाइल एकदा गटात पडली की ती दहा ठिकाणी फिरते. कोणी तिचा फक्त रंग बदलतो आणि ‘माझी नवी बस’ म्हणून स्वतःच्या वाहिनीवर टाकतो. मूळ मॉडरचे नाव पुसले जाते, जाहिरातीचे उत्पन्न तिसऱ्याच्या खात्यात जाते. यावर उपाय म्हणून मॉडर फायलींना कुलूप घालतात आणि परवलीचा शब्द व्हिडीओच्या मध्येच कुठेतरी दाखवतात. कुलूप तोडणारेही असतात. परिणाम असा, की जे साचे पूर्वी शिकण्यासाठी उघडे मिळत, ते आता बंद होऊ लागतात. चोरीचा फटका शेवटी नव्याने शिकू पाहणाऱ्यालाच बसतो.

पैसे दिले तर प्रश्न सुटेल का? हा प्रयोग एकदा झाला आहे. एप्रिल २०१५ मध्ये ‘स्टीम’वर ‘स्कायरिम’ या गेमचे मॉड विकण्याची सोय सुरू झाली. किमतीतला २५ टक्के वाटा मॉडरला, उरलेला कंपन्यांना. लगेच गदारोळ उठला. दुसऱ्याचा मॉड वापरून केलेला मॉड विकायचा तर पैसे कोणाचे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. आठवड्याच्या आतच ती योजना गुंडाळून खेळाडूंचे पैसे परत करण्यात आले.

दुसऱ्या टोकाला कंपन्यांची हाव आहे. ‘डोटा’सारखा मॉड दुसऱ्या कंपनीकडे गेल्याचा धडा घेऊन ‘ब्लिझर्ड’ने २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’च्या नव्या आवृत्तीसोबत अटी बदलल्या. खेळाडूने घडवलेल्या नकाशांची मालकी कंपनीची, असे त्यात स्पष्ट लिहिले. मॉडरने घाम गाळायचा आणि सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर, असा हा प्रकार.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा १९५७ नुसार एखादी मूळ कलाकृती निर्माण होताच तिला संरक्षण मिळते, नोंदणी सक्तीची नाही. त्याच कायद्याचे ५७ वे कलम कर्त्याला आपले नाव कृतीशी जोडण्याचा हक्क देते. मॉडरने स्वतः रचलेला साचा किंवा रंगवलेले चित्र या चौकटीत बसू शकते. मात्र गेमची प्रणाली कंपनीची असते आणि तिच्या अटी पाळणे बंधनकारक असते. बसवरचे बोधचिन्ह महामंडळाचे असते. त्यामुळे हौसेने गाडी बनवून फुकट वाटणे आणि तीच बोधचिन्हासह विकणे, यांत मोठा फरक पडतो. न्यायालयात दाद मागण्याची ऐपत अठरा-वीस वर्षांच्या मुलाकडे नसते, ही त्यातली खरी मेख. म्हणूनच कायद्याआधी गटाची शिस्त महत्त्वाची ठरते.

पालकांनी आणि खेळाडूंनी सावध कुठे राहावे?

‘मॉड’ आणि ‘मॉड एपीके’ या दोन गोष्टींची गल्लत होते. पहिली म्हणजे गेमच्याच सोयीने आत घालायची गाडीची फाइल. दुसरी म्हणजे मूळ अ‍ॅप फोडून ‘सगळे काही फुकट’ म्हणत वाटलेली बनावट प्रत. ही प्रत फोनमध्ये घालण्यासाठी सुरक्षा सेटिंग बंद करायला सांगितले जाते. त्याच फोनवर घरातल्या मोठ्यांचे बँकेचे अ‍ॅप आणि ओटीपी येत असतील, तर ही जोखीम मुलाची राहत नाही, साऱ्या घराची होते.

खऱ्या मॉडमध्येही धोका असू शकतो. जून २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या मॉडमधून ‘फ्रॅक्चरायझर’ हा घातक प्रोग्राम पसरला. नामांकित ठिकाणची काही खाती ताब्यात घेऊन हल्लेखोरांनी ओळखीच्या मॉडमध्येच तो दडवला होता. साधे नियम पाळले तरी बराच बचाव होतो. गेम अधिकृत दुकानातूनच घ्यावा. मॉड मूळ मॉडरच्या वाहिनीवरूनच उतरवावा. गाडीची फाइल मागितली आणि अ‍ॅप हाती आले, तर ते उघडूच नये. गाडीला संपर्क यादी किंवा संदेश वाचण्याची परवानगी कधीच लागत नाही. ती मागितली गेली, तर दाल में कुछ काला समजावे.

इथेही नावाचा मुद्दा येतोच. ज्या फाइलवर कर्त्याचे नाव आणि मूळ ठिकाण स्पष्ट असते, तिची खातरजमा करता येते. दहा हातांतून फिरलेली निनावी फाइल कोणाला विचारून उघडणार?

वेंगुर्ल्यासारख्या गावाला याचे काय?

महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, दृक्‌परिणाम आणि गेमिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. मुंबईत या क्षेत्रासाठी राष्ट्रीय पातळीची संस्थाही उभी राहत आहे. हे स्वागतार्हच. पण अशी धोरणे स्टुडिओ, संकुले आणि मोठ्या शहरांच्या भाषेत बोलतात. किनाऱ्यावरच्या तालुक्यातला मुलगा ब्लेंडर शिकतो तो कुठल्या संकुलात नव्हे, फोनवरच्या व्हिडीओतून आणि कोणाच्या तरी जुन्या संगणकावर. त्रिमितीय रचना, प्रकाश, फाइलचे वजन, वापरणाऱ्याच्या तक्रारी आणि त्यानुसार दुरुस्ती, ही सगळी कौशल्ये उद्योगाला हवी असलेलीच आहेत. फक्त त्याच्याकडे पदवी नाही. त्याच्या कामाचा पुरावा एकच : फाइलवरचे नाव. ते पुसणे म्हणजे नुसता मान हिरावणे नव्हे, रोजगाराच्या दारातली ओळखच हिरावणे.

म्हणून करायच्या गोष्टी मोठ्या नाहीत. मॉडरने प्रत्येक फाइलसोबत नाव, तारीख आणि अटी मराठीत लिहिलेली चिठ्ठी ठेवावी : शिकायला वापरा, बदल करा, पण मूळ नाव ठेवा, विकू नका. दुसऱ्याच्या साच्यावर काम करणाऱ्याने आधी त्याचे नाव, मग आपले, हा क्रम पाळावा. गटचालकांनी निनावी फायली काढून टाकाव्यात. एसटी महामंडळाने विनाव्यापार मॉडसाठी साधी, जाहीर परवानगी आणि गाड्यांची अधिकृत छायाचित्रे दिली, तर मुलांना चोरटेपणाने काही करावे लागणार नाही आणि लालपरीची जुनी रूपेही डिजिटल रूपात जतन होतील. शाळा-महाविद्यालयांनी असे काम प्रकल्प म्हणून स्वीकारायला काय हरकत आहे? खेळणाऱ्याने मात्र एवढेच करावे, की गाडी आवडली तर ती कोणाची, हे विचारावे.

गंजिफाचे उदाहरण इथेही बोलके आहे. एके काळी सावंतवाडीत ही कला जवळजवळ संपली होती. राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उरलेल्या एका वृद्ध चितारीकडून ती शिकून घेतली, इतरांना शिकवली आणि तिला नवे आयुष्य दिले. शिकवणारा कोण, हे ठाऊक होते म्हणून धागा जुळला.

आणि काजूचे तर त्याहून स्पष्ट आहे. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने १९८१ मध्ये दिलेली ‘वेंगुर्ला-४’ ही जात दूरदूरच्या बागांत लागली. ती मिदनापूर रेड आणि वेतोरे-५६ यांच्या संकरातून आली, हे आजही नोंदीत आहे. एक पालक बंगालचा, दुसरा वेंगुर्ले तालुक्यातल्याच वेतोऱ्याचा. दोघांची नावे कायम ठेवूनच नव्या जातीला नाव मिळाले आणि तिच्याबरोबर गावाचेही नाव देशभर गेले. पडद्यावरच्या लालपरीच्या बाबतीत याहून वेगळे काही मागितले जात नाही. कलम कोणी बांधले, तेवढे पाटीवर राहू द्यावे.